विहारातल्या मागच्या खुर्च्या आणि गुडघ्यांवरचा भार

वर्षावासाच्या दिवसांत महागाव तालुक्यातल्या गावांमधून फिरले की विहारांत सारखेच दृश्य दिसते. पुढे चटईवर मुले आणि तरुण, मागे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर पन्नाशी-साठीच्या उपासिका. पंचांग प्रणामाच्या वेळी त्या बसल्या जागीच हात जोडतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "गुडघेच गेले, का सांगू बापू."

यातल्या काही जणी विशी-पंचविशीत नामांतराच्या मोर्चात चालल्या आहेत. 1979 मध्ये दीक्षाभूमीहून औरंगाबादकडे निघालेल्या लाँग मार्चच्या आठवणी सांगणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे. त्यांच्यातल्या अनेकांना आज घरापासून विहारापर्यंतचा रस्ता लांब वाटतो. "वय झाले" असे म्हणून आपण कार्यकर्ते पुढे निघून जातो. आधी वंदना चुकते, मग सभा, मग 14 ऑक्टोबरची नागपूरवारी, आणि शेवटी दवाखानाही चुकतो. चळवळीतून माणूस कमी होण्याची ही एक शांत वाट आहे, आणि तिची नोंद कुठल्याच इतिवृत्तात होत नाही.

मी डॉक्टर नाही, माझा विषय समाजशास्त्र. पण गुडघा कसा झिजतो, चालताना त्यावर भार कसा येतो आणि चालण्याची पद्धत बदलून तो किती हलका करता येतो, याबद्दलची माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचत नाही. पोहोचतात त्या तेलाच्या बाटल्या, गुडघ्यातल्या सुया आणि "आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही" हे वाक्य.

'गेले' म्हणजे नेमके काय?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. हा थर खरबरीत आणि पातळ होत जातो, हाडाच्या कडा वाढतात, सांध्याच्या आवरणाला सूज येते. याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, म्हणजे झिजेचा संधिवात. आपल्याकडे "वंगण संपले" असे सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की सायकलच्या चेनसारखे वरून तेल घातले की काम झाले. बाहेरून चोळलेले तेल सांध्याच्या आत जात नाही. चोळल्याने बरे वाटते ते उबेने आणि हाताच्या स्पर्शाने. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला इलाज समजू नये.

आणखी एक गैरसमज जास्त नुकसान करतो : "दुखते ना, मग चालू नको." कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येणे आणि सुटणे या क्रियेत तिच्यात रस आतबाहेर होतो, त्यावर तिचे पोषण चालते. माणूस बसून राहिला की मांडीचे स्नायू वाळतात. स्नायू वाळले की पावलाचा धक्का सांभाळायला कोणी उरत नाही, सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की माणूस आणखी बसतो.

एक्स-रेचेही तसेच. फोटोत झीज भरपूर आणि माणूस चालतोय फिरतोय, असे असू शकते. फोटोत फारसे काही नाही आणि दुखणे मात्र जीव खाते, असेही असते. त्यामुळे फोटो दाखवून कुणी "खल्लास" म्हटले म्हणून हातपाय गाळायचे कारण नाही.

हे दुखणे शहरातल्या बैठ्या लोकांचे नाही, हे महाराष्ट्रातच नोंदले गेले आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या उपक्रमात घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. हा कष्ट करणारा ग्रामीण समाज होता, आपल्यासारखाच.

भार कुठून येतो

बैलगाडीत एका अंगाला जास्त पोती भरली तर त्या बाजूचे चाक आणि आखाचे टोक आधी झिजते. चालताना गुडघ्याचे असेच होते. आपण दोन पायांवर चालतो असे म्हणतो, पण प्रत्येक पावलात काही क्षण सगळे शरीर एकाच पायावर उभे असते. त्या क्षणी धडाचे वजन टेकलेल्या पायाच्या बरोबर वर नसते, ते आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे असते. म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या अर्ध्यापेक्षा आतल्या अर्ध्यावर जास्त दाब पडतो. बहुतेकांची झीजही आतल्या बाजूची असते. झीज वाढली की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, आणि पाय वाकले की आतला दाब आणखी वाढतो.

दाब किती? मापक बसवलेले कृत्रिम गुडघे काही रुग्णांना लावून संशोधकांनी तो प्रत्यक्ष मोजला आहे. सपाट जमिनीवर साधे चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास जातो, जिन्यावर त्याहून जास्त. म्हणजे 50 किलोच्या बाईच्या गुडघ्यावर प्रत्येक पावलाला सव्वाशे किलोच्या घरात दाब. तिच्या डोक्यावर वेचलेल्या कापसाचे गाठोडे असेल तर तेही याच हिशेबात येते.

वजनाबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो. लठ्ठ रुग्णांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात 1 किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका झाला. ज्यांचे वजन खरेच वाढलेले आहे त्यांनी हे मनावर घ्यावे. पण आमच्याकडे हाडांचा सापळा झालेल्या मजूर बाईलाही "वजन कमी करा" असा ठोकळ सल्ला मिळतो. तिच्या बाबतीत कमी करायचे वजन डोक्यावरचे आहे, अंगावरचे नाही.

निंदणाचे दिवस डोळ्यांसमोर आणा. उकिडवे बसून, खुरपे चालवत, त्याच अवस्थेत इंचाइंचाने पुढे सरकायचे, सहा-सात तास. बीजिंगमधल्या वृद्धांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली होती. थोडा वेळ उकिडवे बसणे हे काही विष नाही. प्रश्न तासांचा आहे आणि तास मजूर ठरवत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. गुडघा दुखला म्हणून बांधावर दहा मिनिटे टेकायचे तर तेवढे किलो कमी भरतात. सोयाबीनची सोंगणी गुत्त्याने घेतली असेल तर सोबतच्या बाया थांबत नाहीत, त्यांनाही थांबणे परवडत नाही. भूमिहीन घरात जन्मलेल्या बाईच्या गुडघ्यात तिच्या जातीचा आणि मजुरीचा इतिहास साठलेला असतो, असे मला वाटते. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते तिने स्वतःच्या चुका सुधाराव्यात या सुरात कुणी तिला ऐकवू नये.

डुलणारी चाल आणि काठी

गुडघे दुखणारी माणसे दुखऱ्या पायावर भार येताच धड त्याच बाजूला झुकवतात. वस्तीतली पोरे "बदक चालले" म्हणून हसतात. खरे तर ती शरीराची स्वतः शोधलेली युक्ती आहे. धड दुखऱ्या पायाच्या वर आणले की वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून थोडे सरकते आणि दाब उतरतो. पण त्याची किंमत कंबर देते, आणि दर पावलाला अख्खे धड हलवल्याने माणूस लवकर थकतो.

तीच सोय काठीने जास्त स्वस्तात होते, पण काठी योग्य हातात हवी. दहापैकी आठ जण, माझ्या पाहण्यात, काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. ती उलट्या हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. कारण सोपे आहे. उजव्या पायावर उभे असताना वजन डावीकडे ओढत असते. डाव्या हातातली काठी त्याच बाजूने वर रेटा देते आणि गुडघ्यावरचा ताण कमी करते. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो त्याच्या उलट्या हातात.

उंचीही बघावी. चप्पल घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटावरच्या रेषेपर्यंत काठीची मूठ यायला हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. गुराख्याची उंच काठी मधोमध धरून चालणे यापेक्षा वेगळे आहे, तिच्यावर नीट भार देता येत नाही. वेळूची काठी कापून मूठ बांधली आणि टोकाला रबरी टोपी बसवली तर चालते. तुराटी वापरू नका. ती ऐन वेळी मोडते आणि मग गुडघ्याऐवजी खुब्याचे हाड दाखवायला जावे लागते.

जिन्याचा नियमही इथेच सांगून टाकतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायासोबत.

काठीची लाज हा मोठा अडथळा आहे, बायांना जास्त. "लोक म्हणतील म्हातारी झाली." अशा वेळी 14 ऑक्टोबर 1956 ची सकाळ आठवावी. बाबासाहेब दीक्षाभूमीच्या मंचावर आले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता, असे धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवले आहे. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते. त्या दिवशी लाखो लोकांनी ती काठी पाहिली आणि कुणाला तिच्यात कमीपणा दिसला नाही.

पावलाचा कोन

चालण्याची पद्धत शिकवून दुखणे कमी होते का, यावर जगभर बरीच वर्षे काम सुरू आहे. पाय टाकताना बोटे कुठल्या दिशेला आहेत, समोर, थोडी आत की थोडी बाहेर, यावरून गुडघ्याच्या आतल्या भागावरचा दाब बदलतो, हे मोजून कळले होते. अडचण अशी की काहींचा दाब बोटे आत वळवल्याने कमी होतो, काहींचा बाहेर वळवल्याने, आणि चुकीच्या दिशेला वळवले तर उलट वाढतो. आधीच्या बऱ्याच प्रयोगांत सर्वांना एकच सूचना दिली जायची.

2025 मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगाने हे वेगळ्या प्रकारे केले. गुडघ्याच्या आतल्या बाजूची सौम्य ते मध्यम झीज असलेले 68 लोक घेतले. प्रत्येकाची चाल प्रयोगशाळेत मोजून त्याच्यासाठी कोणती दिशा आणि 5 अंश की 10 अंश हे ठरवले. एका गटाला तो बदल शिकवला, दुसऱ्या गटाला त्यांच्या नेहमीच्याच कोनात चालायला सांगितले. नडगीवर बांधलेले एक छोटे यंत्र थरथरून पाऊल बरोबर पडले की नाही हे सांगत होते. सहा आठवडे असे शिकवल्यावर घरी रोज किमान 20 मिनिटे सराव. वर्षभराने बदल शिकलेल्या गटाचे दुखणे दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले होते. हा फरक वेदनाशामक गोळ्यांनी पडतो त्या तोडीचा होता. एमआरआयमध्ये कूर्चेचा ऱ्हासही त्यांच्यात मंदावलेला दिसला.

5 अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात 6 अंश सरकतो. बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतका हा फरक आहे.

आता धोका. ही बातमी वाचून कुणी तरुण विहारात उभा राहील आणि "सगळ्यांनी बोटे आत करून चाला" असे सांगेल. तसे करू नका. दिशा प्रत्येकाची वेगळी हाच तर त्या प्रयोगाचा गाभा होता, आणि ती मोजणारी प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यातल्या मजूर बाईच्या आवाक्यात आज नाही. ज्यांची झीज फार पुढे गेली आहे त्यांच्यावर हा प्रयोग झालेलाही नव्हता. एवढे मात्र घेण्यासारखे आहे की चाल ही जन्माची खूण नसते. साठीतली माणसेही ती शिकतात, रोजच्या वीस मिनिटांच्या लक्षपूर्वक सरावाने.

लक्षपूर्वक चालणे आपल्याला नवे नाही. चंक्रमण हा धम्मातला जुना सराव आहे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास पेलण्याची ताकद, आजार कमी असणे आणि अन्नाचे पचन हे तीन सरळ शरीराचे आहेत. आपण चंक्रमण फक्त शिबिरात करतो, तेही तरुणांसाठी. त्याची खरी गरज मागच्या खुर्च्यांवर आहे. टाच कधी टेकली, भार कुठे आला, गुडघा आत-बाहेर हिसका खातो का, पाऊल आपटते की अलगद पडते, हे सावकाश चालतानाच कळते. लांब ढांगा टाकण्यापेक्षा जरा लहान पावले बहुतेकांना सोपी जातात. टाच एका बाजूने झिजलेली चप्पल घालून हा सराव करू नये, ती पाऊल आधीच तिरके करून ठेवते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक तपशील आहे, जो विहार बांधणाऱ्या प्रत्येक समितीने वाचावा. चंक्रमणाची जागा उंचसखल असल्याने भिक्खूंचे पाय दुखू लागले, तेव्हा तथागतांनी ती सपाट करण्याची अनुमती दिली. पुढे चालताना भिक्खू पडू लागले, तेव्हा कठडा बांधण्याचीही दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी कठड्याचा विचार झाला होता. आज आपल्या कित्येक विहारांना चार-पाच उंच पायऱ्या असतात, वर चकचकीत टाइल्स, आणि धरायला काही नाही. मूर्तीसाठी वर्गणी जमते तशी लोखंडी पाइपच्या कठड्यासाठीही जमू शकते, खर्च तर त्याहून फारच कमी.

मांडीची ताकद

चालीइतकेच, कदाचित जास्त, महत्त्व मांडीच्या पुढच्या स्नायूंना आहे. पाऊल टेकताना धक्का तेच झेलतात. त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यातून सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. हे जमले की हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. नंतर भिंतीला धरून उभे राहून पाय बाजूला उचलणे, याने खुब्याचे स्नायू घट्ट होतात आणि डुलणे कमी होते. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेले असेल तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून निम्मे करावे. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे जातात, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात.

म्हणून हे एकटीने घरी करण्यापेक्षा विहारात एकत्र केलेले टिकते. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास पुरेसा आहे. पुसद किंवा यवतमाळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला एक दिवस बोलावून प्रत्येकीची चाल पाहून घ्यावी, व्यायाम ठरवून घ्यावा, मग गावातल्या मुलींनी तो पुढे चालवावा. मोबाइलवर समोरून आणि मागून चालण्याची स्लो मोशन चित्रफीत काढून त्या बाईलाच दाखवली तर तिला स्वतःची चाल पहिल्यांदा दिसते. तिला विचारूनच काढावी, आणि ती कुठल्याही ग्रुपवर टाकू नये.

शेतातही थोडे बदलता येते. लांब दांड्याचे खुरपे किंवा सायकल कोळपे यांनी निंदणाचा काही भाग उभ्याने होतो. महिला बचत गटाने अशी दोन-तीन अवजारे घेऊन फिरती ठेवली तर कर्ज काढायची गरज पडणार नाही. घरात उंच पाट, शौचालयात खुर्ची किंवा कमोड आणि भिंतीत बसवलेला एक आडवा पाइप, यांनी दिवसातले कितीतरी खोल बसणे वाचते.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. वेदनाशामक गोळी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने रोज खाल्ली की पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकते, मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांचे लवकर. आणि दोन दिवसांत नाचायला लावणारी बिननावाची पुडी कुणी दिली तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी.

काही वेळा यातले काहीच न करता थेट दवाखाना गाठायचा असतो : गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नाही, पोटरी सुजून दुखते, किंवा सकाळी तासाभराहून जास्त वेळ हातापायाचे अनेक सांधे आखडलेले राहतात. शेवटचे लक्षण वेगळ्या संधिवाताचे असू शकते, त्याची औषधे वेगळी आहेत आणि उशीर महागात पडतो.

ऑपरेशन लागणारेही लोक असतात, त्यांना व्यायामाच्या नावाखाली अडवून ठेवू नये. रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणे बंद झाले, सहा महिने नीट व्यायाम करूनही फरक नाही, अशांनी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा आणली. खासगी रुग्णालयात जाताना कार्यकर्त्याने सोबत जावे, बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी आणि चालू मर्यादेशी ताडून पाहावी. ऑपरेशननंतरही तोच मांडीचा व्यायाम आणि तीच काठी काही आठवडे लागते. आधीपासून सराव असलेली बाई तेव्हा लवकर उभी राहते.